विमानात बसण्याआधी घरीच शिकवा: पट्टा, दारं, मास्क आणि जॅकेट

गोंदियाजवळच्या बिरसीहून आणि एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून एटीआर विमानं उडतात, आणि नागपूर तर आधीपासून आहेच. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी मंडळी आता खेड्याखेड्यांतून निघतात. कोणी धानाचा हंगाम आटोपून तिरुपतीला, कोणी हजला, कोणी तपासणीसाठी मुंबईच्या दवाखान्यात, कोणी पुण्यात नोकरीला असलेल्या लेकाकडे. विमानात सुरक्षेची माहिती दोन-तीन मिनिटांत आटोपते, तीही बहुधा हिंदी-इंग्रजीत आणि इंजिनाच्या आवाजात. खिडकीबाहेर बघण्यात गुंतलेल्या आजीच्या कानावरून ती तशीच जाते. म्हणून ही माहिती निघायच्या आधी, घरच्या ओसरीत, खुर्च्या मांडून द्या. अर्धा तास पुरतो. गटानं जात असाल तर हे काम गटप्रमुखाचं आहे.

आधी विमान कोणतं ते पाहा

तिकिटावर किंवा कंपनीच्या ॲपवर विमानाचा प्रकार दिलेला असतो. आपल्याकडून जाणाऱ्यांना मुख्यतः दोन प्रकार भेटतात, आणि दोघांची दारं वेगळी आहेत.

एटीआर ७२ हे पंख्याचं विमान, साधारण ७० ते ७८ सीटचं. यात आपण मागून चढतो. मागे डावीकडचं चढायचं दार, त्याच्यासमोर उजवीकडचं दार, आणि पुढे पहिल्या रांगेजवळ दोन्ही बाजूंना एकेक लहान आपत्कालीन दार, अशा प्रवाशांसाठी चार वाटा. विमानाचा पंख छताच्या वर असल्यामुळे पंखावर उघडणारं दार नसतं. हे विमान जमिनीपासून फार उंच नाही, म्हणून घसरगुंडीही नसते. चढायच्या दाराला आतून पायऱ्याच आहेत. लहान दारातून उंबऱ्यावर बसून खाली उतरायचं. पुढच्या दारातून उतरलात तर विमानाच्या नाकाच्या दिशेनं दूर जायचं. मागे पंख्याकडे अजिबात वळायचं नाही. फिरता पंखा नीट दिसत नाही, आणि बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतो.

एअरबस ए३२० हे जेट विमान, साधारण १८० सीटचं. पुढे दोन मोठी दारं, मागे दोन, आणि मधे पंखावर उघडणारी बहुधा चार लहान दारं, प्रत्येक बाजूला दोन. मोठ्या दारांना हवेनं फुगणारी घसरगुंडी असते. त्याच जातीचं ए३२१ लांबीला मोठं आहे आणि त्यात मधल्या दारांची जागा वेगळी असते. म्हणून समोरच्या सीटच्या खिशातलं चित्रांचं कार्ड काढून पाहायचंच. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते कळतं, कारण त्यात सगळं चित्रांनी दाखवलेलं असतं.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातात वाचलेला एकमेव प्रवासी ११-ए सीटवर, दाराजवळ बसला होता. तेव्हापासून अनेकजण तिकीट काढताना ११-एच मागतात. पण ही सीट प्रत्येक विमानात दाराजवळ येत नाही. आकड्यामागे लागण्यापेक्षा आपल्या सीटपासून दार किती रांगांवर आहे ते माहीत असणं जास्त कामाचं.

रांगा मोजणं

बसल्याबरोबर पुढच्या दारापर्यंत आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजा. सीटच्या पाठीवर हात ठेवत मोजलं तर उत्तम, कारण धूर झाल्यावर डोळ्यांचा उपयोग राहत नाही, हातानंच मोजत जावं लागतं. “पुढे सात, मागे अकरा” असं प्रत्येकानं मनात ठेवायचं. आपण ज्या दारानं चढलो तिकडेच धावायची माणसाची सवय असते, आणि बरेचदा जवळचं दार पाठीमागेच असतं. एसटीत मागच्या बाजूला ‘संकटकालीन मार्ग’ लिहिलेलं असतं, तशीच विमानातही प्रत्येक दारावर ‘एक्झिट’ची खूण पेटलेली असते. धूर वर चढतो, म्हणून वाकून चालायचं. अशा वेळी वरची खूण दिसेनाशी होते आणि जमिनीलगतची चमकती पट्टी दाराकडे नेते.

ही घाई का, तेही सांगून ठेवा. ४४ पेक्षा जास्त सीटच्या विमानाला मान्यता मिळण्यासाठी सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात. तेही अंधारात आणि निम्मीच दारं वापरून. आग लागली की आत थांबायला वेळ नसतो.

पट्टा

वरवर पाहता ही सगळ्यात सोपी गोष्ट, पण चुका इथेच सगळ्यात जास्त होतात. विमानाचा पट्टा कारसारखा बटण दाबून सुटत नाही. वरची धातूची झडप उचलावी लागते. कारची सवय असलेली माणसं घाबरल्यावर बाजूला बटण शोधत बसतात. म्हणून बसल्यावर प्रत्येकानं तीनदा लावून, तीनदा सोडून पाहायचं. “आजी, पट्टा सोडून दाखव बरं” असं म्हणून तिच्याकडून करून घ्या; तुम्ही करून दाखवलंत तर तिच्या हाताला ते कळत नाही.

पट्टा पोटावर नको, खाली मांडीच्या सांध्याजवळ, कमरेच्या हाडावर घट्ट बसवायचा. पोटावर सैल राहिला तर धक्क्यात माणूस खाली सरकतो आणि पोटाच्या आत इजा होते. गरोदर बाईनं पोटाच्या खालून घ्यायचा. जाड साडीची घडी मधे आली तर ती बाजूला करून मग घट्ट करायचा. पट्टा पुरत नसेल तर लाजायचं कारण नाही, कर्मचारी जोडपट्टा देतात.

मांडीवर बाळ असेल तर त्याला वेगळा छोटा पट्टा मिळतो, तो आईच्या पट्ट्यात अडकवायचा. आईच्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका. धक्का बसला तर आईचा सगळा भार बाळावर येतो.

वरचा ‘पट्टा लावा’चा दिवा विझला तरी पट्टा लावून बसलेलं बरं. मे महिन्यात विदर्भाची जमीन तापली की दुपारी गरम हवेचे झोत वर उठतात आणि कमी उंचीवर विमान चांगलंच हलतं. हलण्यामुळे विमान पडत नाही. पट्टा न लावलेल्या माणसाचं डोकं वर आपटतं आणि हातातला गरम चहा अंगावर सांडतो. जमेल तर उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्या.

आपत्कालीन दाराजवळची सीट

इथे पाय पसरायला जागा मिळते म्हणून लोक जास्तीचे पैसे देऊन ही सीट घेतात. मात्र तिथे बसणाऱ्यानं मदतीची जबाबदारी घेतलेली असते. कर्मचारी येऊन विचारतात, “गरज पडली तर दार उघडाल का?” यावर मान हलवून चालत नाही, तोंडानं उत्तर द्यावं लागतं. लहान मुलं, गरोदर बाई, तान्हं बाळ घेतलेली व्यक्ती, जोडपट्टा लागणारा किंवा हातापायात ताकद नसलेला माणूस, यांना तिथे बसवत नाहीत. सूचना कळत नसतील तर स्वतःच सीट बदलून मागा. त्यात काही कमीपणा नाही.

ए३२० चं पंखावरचं दार साधारण १५ किलोचं असतं. मोठ्या भरल्या सिलिंडरच्या निम्मंच, पण ते अचानक हातात येतं. पद्धत अशी: आधी खिडकीतून बाहेर बघायचं. ज्वाळा, धूर किंवा पाणी दिसलं तर ते दार उघडायचं नाही, दुसऱ्या बाजूला जायचं. बाहेर ठीक असेल तर वरच्या हँडलवरचं झाकण काढायचं, हँडल ओढायचं, एक हात खालच्या पकडीत घालून दार सांभाळायचं आणि उचलून बाहेर फेकून द्यायचं. दार आत ठेवलं तर तेच वाटेत आडवं येतं. मग आधी एक पाय बाहेर, मग डोकं, मग दुसरा पाय. पंखावर रंगवलेल्या बाणांच्या दिशेनं मागच्या बाजूला जायचं. तिथे घसरगुंडी आपोआप फुगते. पंखाच्या पुढच्या बाजूनं उडी मारू नका, तिथे इंजिन आहे.

२२ ऑगस्ट १९८५ ला इंग्लंडमधल्या मँचेस्टर विमानतळावर जळत्या बोईंग ७३७ मध्ये दाराजवळच्या बाईनं घाईत हँडल समजून सीटचा हातच ओढला. शेजारणीनं वरून हात घालून खरं हँडल ओढलं, तेव्हा २२ किलोचं दार खाली बसलेल्या बाईच्या मांडीवर पडलं आणि ती अडकली. दोघा पुरुषांनी ते उचलेपर्यंत वेळ गेला. त्या अपघातात ५५ माणसं गेली, बहुतेक धुरानं. त्यानंतरच अशा दारांजवळ सीटमध्ये जास्त जागा सोडणं सक्तीचं झालं. म्हणून दाराजवळ बसलात तर हँडल कुठे आहे ते बोटानं दाखवून घ्या. हात मात्र लावू नका.

हात लावण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. विमान उंचावर असताना आतल्या हवेचा दाब दारावर कित्येक टनांचा असतो, त्यामुळे तिथे कोणाच्याही जोरानं दार उघडत नाही. उतरताना मात्र दाब कमी होत जातो. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात जमिनीपासून साधारण २०० मीटर उंचीवर एका प्रवाशानं दार उघडलंच होतं. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या विमानात एकानं उतरायच्या वेळी आपत्कालीन दाराच्या हँडलचं झाकण काढायचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना दारापासून दूर बसवा.

मोठी दारं उघडणं कर्मचाऱ्यांचं काम. पण ते जखमी असतील तर कार्डावर पाहिलेलं उपयोगी पडतं. एअरबसमध्ये हँडल पूर्ण वर उचलायचं, दार बाहेर ढकललं जातं आणि घसरगुंडी काही सेकंदांत फुगते. नाही फुगली तर उंबऱ्याजवळचं लाल हँडल ओढायचं. फुगायच्या आत कोणाला दारात येऊ देऊ नका, मागच्यांचा लोंढा माणसाला खाली ढकलतो.

मास्क

केबिनमधला हवेचा दाब कमी झाला, म्हणजे साधारण १४ हजार फूट उंचीवर असावी तितकी हवा विरळ झाली, की छतातून पिवळे मास्क खाली पडतात. मास्क जोरात आपल्याकडे ओढायचा, कारण ओढल्यानंच ऑक्सिजन सुरू होतो. नुसता तोंडाजवळ धरला तर काहीच येत नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाकून इलॅस्टिक डोक्यामागून घ्यायचं. खालची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. “पिशवी बिघडली” म्हणून मास्क काढू नका. जळाल्यासारखा वास येऊ शकतो. ऑक्सिजन रासायनिक क्रियेनं तयार होतो आणि ती डबी तापते, त्याचा तो वास.

आधी स्वतःला, मग मुलाला. हे आईच्या मनाला पटत नाही, म्हणून कारणासकट सांगा: ३५ हजार फुटांवर ऑक्सिजनशिवाय माणसाला समजून-उमजून काही करायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. मुलाचा मास्क लावता लावता आईच बेशुद्ध पडली तर दोघंही गेले. मुलगा क्षणभर गुंगला तरी मास्क लावताच शुद्धीवर येतो.

ऑक्सिजन बारा मिनिटांच्या वर पुरतो, आणि तेवढ्यात वैमानिक विमान १० हजार फुटांवर आणतो. वेगानं खाली येणं हे पडणं नव्हे, तेही घरीच सांगून ठेवा, नाहीतर आरडाओरडा सुरू होतो. तीन सीटला बहुधा चारच मास्क असतात, म्हणून एका बाजूच्या तीन सीटवर दोन तान्ही बाळं बसवत नाहीत. नणंद-भावजया दोघींच्या मांडीवर बाळ असेल तर वेगवेगळ्या रांगेत सीट घ्या. एटीआर २५ हजार फुटांपर्यंतच उडतं, त्यामुळे बहुतेक एटीआरमध्ये छतातून पडणारे मास्क नसतातच.

लाइफ जॅकेट

नागपूर-मुंबई मार्ग जमिनीवरूनच आहे, पण मुंबईला विमान समुद्रावरूनही वळतं. जॅकेट सीटखालच्या पाकिटात असतं. डोक्यातून घालायचं, पट्टा कमरेभोवती फिरवून पुढे अडकवायचा. लाल दोरी ओढली की फुगतं. नाही फुगलं तर बाजूच्या नळीतून तोंडानं हवा भरायची.

दाराबाहेर पाऊल टाकेपर्यंत ते फुगवायचं नाही. १९९६ मध्ये इथिओपियाचं अपहरण झालेलं विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा कित्येकांनी आतच जॅकेट फुगवलं. पाणी भरलं तशी ती माणसं छताला तरंगत राहिली, खाली बुडी मारून दारापर्यंत जाता आलं नाही. पोहता येत नाही म्हणून घाबरणारा माणूस आधी दोरीच ओढतो, त्याला हे दोनदा सांगा. बाळाचं जॅकेट वेगळं असतं, कर्मचाऱ्यांकडून मागून घ्या. पाकीट पाहण्यासाठी उघडू नका, आणि आठवण म्हणून घरी तर नेऊच नका. पुढच्या प्रवाशाच्या सीटखाली मग काहीच राहत नाही.

ओरडले जाणारे शब्द

संकटात कर्मचारी इंग्रजीत थोडक्या शब्दांत ओरडतात. हे चार कानांना ओळखीचे करून द्या.

‘ब्रेस, ब्रेस’: धक्का येणार. पट्टा घट्ट करा, पाय जमिनीवर टेकवून गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, डोकं समोरच्या सीटला टेकवा. समोरची सीट दूर असेल तर छाती मांडीवर टेकवा. डोकं हातांनी झाका, विमान पूर्ण थांबेपर्यंत सोडू नका. धक्के एकापेक्षा जास्त बसतात. पाय पुढे पसरले तर ते समोरच्या सीटखाली अडकून मोडतात.

‘इव्हॅक्युएट’: बाहेर पडा.

‘लीव्ह एव्हरीथिंग’: सामान सोडा.

‘जंप’: उडी मारा. घसरगुंडीवर बसत सरकायचं नाही, उडी मारूनच बसायचं, हात छातीवर दुमडून.

सामानाबद्दल आपल्या लोकांना विशेष सांगावं लागतं, कारण पिशवीत प्रसाद असतो, दागिने असतात, दवाखान्याची फाइल असते. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानचं विमान पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी ३७९ माणसं सगळी बाहेर आली. प्रवाशांनी सूचना ऐकून बॅगा आतच सोडल्या. बॅग घेतलेला एक माणूस बोळ अडवतो आणि घसरगुंडी फाडू शकतो.

कपडे, चपला, आग

उडताना आणि उतरताना चप्पल पायातच हवी. आपल्याकडे चप्पल काढून पाय वर घेऊन बसायची सवय आहे. विमान वर गेल्यावर तसं खुशाल बसा, या दोन वेळी नको. टाचेच्या चपला घसरगुंडीवर चालत नाहीत. साडी सुती असावी, नायलॉन-पॉलिस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. पदर कमरेला खोचलेला असावा. खिडकीची झडप वर करायला सांगतात ती बाहेरची आग दिसावी म्हणून, आणि दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, जवळच्या पिशवीत ठेवा. गरम झाली, फुगली किंवा वास आला तर लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारा. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करून काढायला जाऊ नका. यंत्रात चिरडला की बॅटरी पेटते. कर्मचाऱ्यांना सांगा. बिडी, माचिस, लायटर घरीच ठेवा. संडासात धूर ओळखणारं यंत्र असतं. १९७३ मध्ये पॅरिसजवळ एका विमानाच्या संडासात लागलेल्या आगीनं १२३ माणसं गेली. आता तिथल्या कचरापेटीला आपोआप सुटणारं अग्निशामकही जोडलेलं असतं. संडासाचं दुमडणारं दार मधे ढकललं की उघडतं. आत कोणी अडकलं तर बाहेरून उघडायची सोय असते, पण ते कर्मचाऱ्यांनाच करू द्या.

अग्निशामक नळकांडी, धुरात घालायचे टोप, टॉर्च, भोंगा, प्रथमोपचाराची पेटी हे सगळं कर्मचाऱ्यांच्या ताब्यात असतं. छातीत दुखू लागलं तर वाट पाहत बसू नका, डोक्यावरचं बटण दाबा.

बाहेर पडल्यावर

विमानापासून शंभर मीटर तरी दूर जा, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं, म्हणजे धूर अंगावर येणार नाही. धावपट्टीवर अग्निशमनाच्या गाड्या तीन मिनिटांच्या आत येतात आणि फेसात माणूस दिसत नाही, म्हणून त्यांच्या वाटेत थांबू नका. गटप्रमुखानं माणसं मोजायची. कोणी कमी असेल तर परत आत शिरायचं नाही. नाव आणि सीट नंबर कर्मचाऱ्यांना सांगायचा.

सामान आतच राहणार हे धरून निघतानाच तयारी करा. साखरेची-बीपीची दिवसभराची गोळी, आधार कार्ड, थोडे पैसे आणि घरच्यांच्या फोन नंबरची चिठ्ठी अंगावर असू द्या. बाबांच्या बंडीच्या खिशात, आईच्या कमरेच्या बटव्यात. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आणि नंबर ठळक अक्षरात लिहून, म्हणजे चष्मा हरवला तरी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता येईल.